पाच वडांचा प्रश्न

लेस्टर

चि. ईरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पंचवटीतून पाठवलेला तुझा लांबलचक निरोप काल रात्री वाचला. सीतागुंफेजवळच्या पाचही वडांवर क्रमांक लावलेले आहेत आणि "हीच का ती रामाच्या वेळची झाडे" असे तू विचारल्यावर आजी "झाडे ती नसतील, जागा तीच" एवढेच बोलून पुढे चालू लागली, हे वाचून मला हसू आले. माझ्या लहानपणी मलाही तिने हेच उत्तर दिले होते. तुझा खरा प्रश्न मात्र त्यापुढचा आहे. पोथीत लिहिलेले शब्दशः खरे मानायचे की रूपक म्हणून वाचायचे, आणि रूपकच असेल तर विज्ञान शिकणाऱ्या मुलीने त्यासाठी गुंफेत अंग चोरून का उतरायचे? फोनवर याचे धड उत्तर देता आले नसते, म्हणून हे पत्र.

हा प्रश्न विज्ञानामुळे उभा राहिला अशी तुझी समजूत दिसते. तो फार जुना आहे, आणि ज्यांनी तो विचारला ते पोथ्या जपणारेच लोक होते. वेदांतील शब्दांची उकल करणारा यास्क, इंद्राने ज्याला मारले त्या वृत्राविषयी लिहितो, की निरुक्तकारांच्या, म्हणजे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून अर्थ लावणाऱ्यांच्या, मते तो मेघ आणि ऐतिहासिकांच्या, म्हणजे ती घडलेली कथा मानणाऱ्यांच्या, मते त्वष्टा या देवाचा असुर पुत्र; आणि पुढे म्हणतो, की पाणी व तेज यांच्या मिश्रणाने पाऊस पडतो, युद्धाचे वर्णन ही उपमा आहे. यज्ञाचा खांब म्हणजेच सूर्य, असे वाक्य मीमांसकांपुढे, म्हणजे वेदातल्या यज्ञवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांपुढे, आले, तेव्हा खांब लाकडाचा असल्याचे डोळ्यांना दिसत असल्यामुळे त्यांनी ठरवले, की तुपाने माखलेला खांब चकाकतो म्हणून केलेली ही त्याची स्तुती आहे. शंकराचार्य तर गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात स्पष्टच सांगतात, की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, म्हटले तरी ते प्रमाण ठरत नाही. (इंद्रियांपलीकडच्या गोष्टींत मात्र ते श्रुतीलाच प्रमाण मानत, तेव्हा त्यांना आजच्या अर्थाने विज्ञानवादी ठरवण्याची घाई करू नकोस.)

गोदाघाटावर ज्या सिंहस्थाविषयी तू सारखे ऐकतेस, त्याचेच पाहा. अमृतकुंभासाठी देवदानव बारा दिवस लढले, देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष, आणि त्या ओढाताणीत सांडलेल्या थेंबांपैकी एक आपल्याकडे पडला, ही गोष्ट तुला आजीने सांगितलीच असेल. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ लागतो आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे ११.८६ वर्षे लागतात. बारा वर्षांना जी थोडी तूट राहते, ती सात फेऱ्यांत जवळजवळ एका वर्षाएवढी होते, आणि म्हणून अधूनमधून सिंहस्थ अकरा वर्षांनीच येतो. गोष्टीत बाराचा आकडा असला तरी पंचांगकर्ता आकाशातल्या ग्रहाच्या मागे जातो, आणि त्यामुळे गोष्ट खोटी पडली असे नाशिकमध्ये कोणी म्हणत नाही. मला जास्त अडचण वाटते ती पुराणात विमाने आणि अणुबॉम्ब शोधणाऱ्यांची, कारण शब्दशः वाचण्याचा हट्ट ते विज्ञानाच्या नावाने पुन्हा आत आणतात.

तुझ्या आजोबांच्या अस्थी आम्ही रामकुंडात सोडल्या. तेथे अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, आणि हाडांतले कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही हे मी नुकतीच शिकून आले होते. ते करडे तुकडे हाताला खडबडीत आणि अपेक्षेपेक्षा हलके लागले. पायरीवरून मी ते खाली जाताना पाहत होते आणि शेजारी आजी हळूच म्हणाली, "मिळाले पाण्याला." तिला रसायनशास्त्रातला पुरावा द्यायचा नव्हता हे मला त्या क्षणी कळले, आणि तोंडावर आलेले वाक्य मी गिळले. ते गिळले याचे मला आजही बरे वाटते.

पण प्रत्येक ठिकाणी गप्प बसता येत नाही. तेथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो सुमारे पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. दार अडवणारे शास्त्राचाच दाखला देत होते, आणि तो दाखला रूपक म्हणून वाचायची त्यांची तयारी नव्हती. वृत्र मेघ असो की असुर, कोणाचे पाऊल अडत नाही. येथे ते अडले होते. म्हणून पोथीतले एखादे वचन कसे वाचायचे हे ठरवताना, त्याने उंबऱ्याबाहेर कोण राहते, हेही मी पाहते. पुढे ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात, आपल्याच जिल्ह्यात, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे बाबासाहेबांनी जाहीर केले, तेही या दाराला धरूनच वाच.

गुंफेत पुन्हा जाणार असलीस तर आजीला वरच बसव. त्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांच्या राहिलेल्या नाहीत. आणि वडांवर क्रमांक कधी लागले, तिच्या लहानपणी ते होते का, एवढे तिला विचारून मला कळव.

तुझी,
आई