इंडक्शन चालू आहे, घरी जाऊन येऊ का?

ताई, मी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला, कॉम्प्युटर ब्रँच मिळाली. आठवडा झाला, नुसतं इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना रुळवण्याचा कार्यक्रम, चालू आहे. भाषणं, खेळ, गटचर्चा, सगळं इंग्रजीत. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. परवा सगळ्यांसमोर ओळख करून द्यायची होती, तर माझी पाळी यायच्या आधीच मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. रूममेट म्हणते, याला मार्क नसतात, लेक्चर सुरू होईपर्यंत घरी जाऊन ये. जाऊ का?
– शेवटच्या रांगेतली

नको जाऊस गं.

मार्क नसतात हे रूममेटचं खरं आहे, पण म्हणूनच हे दिवस तुझ्या फायद्याचे आहेत. एकदा एम-वन (पहिल्या वर्षाचं गणित), ड्रॉइंगच्या शीट, जर्नल, सबमिशन यांचा रेटा सुरू झाला की साधी शंका विचारतानाही जीभ अडखळते. ‘एवढंही येत नाही?’ असं कुणी म्हणेल का, ही धास्ती असते. आत्ता मात्र कुणालाच काही माहीत नाही, हे सगळेच धरून चाललेत. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेऱ्यांमधून मुलं अजून येतायत, म्हणजे तू सगळ्यात मागेही नाहीस.

हा कार्यक्रम कॉलेजने हौसेखातर ठेवलेला नाही. वेगवेगळ्या गावांतून, माध्यमांतून आलेल्या मुलांना रुळायला अवधी मिळावा म्हणून एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने, 2017-18 पासून तो आणला, चांगला तीन आठवड्यांचा. सभागृहातली भाषणं डोक्यावरून गेली तरी फारसं बिघडत नाही. खरा उपयोग आहे तो छोट्या गटाचा. साधारण वीसेक मुलांमागे एक शिक्षक मेंटॉर म्हणून दिलेले असतात. तुझे मेंटॉर कोण ते आज बघ आणि गट सुटल्यावर थांबून त्यांना मराठीतच सांग, “सर, माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. मला समजतं, पण चारचौघांत इंग्रजीत बोलायला अजून जमत नाही.” तेवढं पुरे. पुण्यात शिकवणारे कितीतरी शिक्षक स्वतः मराठवाड्या-विदर्भातून आलेले असतात. आणि पुढे कधी विषय राहून केटी लागायची वेळ आली किंवा आजारपणात हजेरी कमी पडली, तर तुला नावाने ओळखणारं एक माणूस कॉलेजात असणं फार मोलाचं ठरतं.

राहिलेली ओळखही करून टाक. नाव, गाव, शाळा, काय आवडतं. इंग्रजीत दोन वाक्यं जमली तर बोल, नाहीतर सरळ मराठीत बोल. आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकून मागाहून एखादी मुलगी “कुठल्या तालुक्याची गं?” म्हणत येते, आणि मेसला जायला सोबत मिळते. इंडक्शन बुडवून घरी गेलेल्या मुली परत येतात तोवर या जोड्या जमून गेलेल्या असतात. तुझ्याबद्दल मला हीच काळजी वाटते.

हॉस्टेलवर सीनियर ‘इंट्रो’ घेतात. नाव-गाव विचारलं, नोट्स कुणाकडे मिळतील ते सांगितलं, इथवर ठीक. अपमान, धमकी, रात्री उठवून उभं करणं, हे खपवून घ्यायचं नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 1800-180-5522 ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर मोबाइलमध्ये ठेव, आईलाही दे.

आता एक काम, जे भाषणांत कुणी नीट सांगत नाही. सध्या दुपारी मोकळा वेळ असेल, तेव्हा स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर जा. बोनाफाईड (कॉलेजात शिकत असल्याचा दाखला) कसं मिळतं, लायब्ररीत बुक बँक आहे का, महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा, फॉर्म कॉलेजात कोण तपासतं, हे विचार. “उद्या या” म्हणाले तर न चिडता विचार, “किती वाजता येऊ, आणि कुणाला भेटू?” नाव कळलं की काम पुढे सरकतं. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून सरकार पूर्ण भरतं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. तू यात बसत असशील आणि फॉर्म राहिला, तर तुझ्या वडिलांच्या सोयाबीनचे पैसे विनाकारण फीमध्ये जातील. दुसऱ्या प्रवर्गात असशील तर तुझ्यासाठी कोणती शिष्यवृत्ती आहे तेही तिथेच विचार.

घरी महालक्ष्म्यांना जा, हक्काने जा. तोवर आईला रोज रात्री फोन कर, रडू आलं तर रड. आणि उद्या खिडकीवर जाण्याआधी बँकेत चौकशी कर, तुझ्या खात्याला आधार जोडलेलं आहे का. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात.