तो रिपोर्ट अजून पाठवू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट दोनदा वाचला. कोचिंगची परीक्षा पास झाल्यावरचा तुझा पहिलाच सीझन, सोळा वर्षांखालची टीम, आणि कॅप्टनबद्दल तू सेक्रेटरींना पावणेदोन पानं लिहून ठेवली आहेस. मागचा पाय क्रीझमध्ये अडकतो, शॉर्ट बॉलला नजर आधीच वळते, सकाळच्या फिल्डिंगला टाळाटाळ, आणि भोवती चार पोरांचा कंपू. मी त्याला खेळताना पाहिलंय. खेळाबद्दल तू लिहिलंयस ते बहुतेक खरं आहे. यातलं त्याला स्वतःला किती सांगितलंयस?

भारताचे एकेकाळचे कोच ग्रेग चॅपेल यांचं नाव काढलं की तुमची पिढी 2007चा वर्ल्ड कप एवढंच म्हणते. माणूस तेवढाच नव्हता. 1970 साली पर्थला पहिल्याच कसोटीत शतक, 1984 साली सिडनीला शेवटच्या कसोटीत 182. एकूण 87 कसोटी, 7110 धावा, 24 शतकं. निवृत्त झाले तेव्हा ऑस्ट्रेलियासाठी सर्वाधिक धावा त्यांच्या होत्या, आणि 122 झेलांचा जागतिक विक्रमही. मिड-ऑनमधून मारलेला त्यांचा ड्राइव्ह कुठे सापडला तर अवश्य बघ. डोकं किती स्थिर असावं, हे त्यावरून मुलांना दाखवता येईल.

त्याच माणसाने 1 फेब्रुवारी 1981ला मेलबर्नमध्ये धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, शेवटचा चेंडू जमिनीलगत सरपटत टाकायला सांगितला. न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ब्रायन मॅकेचनीने चेंडू अडवला आणि बॅट फेकून दिली. नियमात तेव्हा ते बसत होतं. थोरले बंधू इयन यांनीसुद्धा जाहीर टीका केली. त्या दिवशी आपण मनाने पार थकलो होतो, कर्णधारपद सांभाळायच्या अवस्थेत नव्हतो, असं ग्रेग यांनी पुढे कबूल केलं. मला मात्र राहून राहून ट्रेव्हरचाच विचार येतो. निर्णय एकाचा, आणि जन्मभर तो चेंडू दुसऱ्याच्या नावावर.

आता तुझ्या कामाचं. 2003 साली ऑस्ट्रेलिया दौऱ्याआधी आपला तेव्हाचा कर्णधार सौरव गांगुली सिडनीला जाऊन चॅपेल यांच्याकडून शिकून आला, आणि ब्रिस्बेनला त्याने 144 काढले. 2005 साली भारताला कोच हवा होता तेव्हा त्यांच्या नावाचा आग्रह धरणाऱ्यांत गांगुली होता. म्हणजे विश्वास होता, चांगला घट्ट होता. मे महिन्यात चॅपेल आले. सप्टेंबरमध्ये, झिम्बाब्वे दौऱ्यावर, सगळं फाटलं. बुलावायोला गांगुलीने शतक केलं आणि कसोटीआधी आपल्याला कर्णधारपदावरून बाजूला व्हायला सांगितलं गेल्याचं पत्रकारांसमोर बोलून टाकलं. मग चॅपेल यांनी बोर्डाला ई-मेल लिहिला : हा कर्णधार शरीराने आणि मनाने नेतृत्व करायला योग्य उरलेला नाही, तो संघात फूट पाडून राज्य करतो. तो मेल फुटला. साऱ्या देशाने वाचला. मुंबईत बोर्डाच्या समितीने दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवला, पण वाचलेलं कोण विसरतं? नोव्हेंबरमध्ये ईडन गार्डन्सच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली.

धावांचा गांगुलीचा दुष्काळ खराच होता. चॅपेल यांना दिसलं ते चुकीचं नव्हतं. त्यांच्याच काळात द्रविडच्या संघाने एकदिवसीय सामन्यांत लागोपाठ 17 वेळा धावांचा पाठलाग यशस्वी केला, आणि 2006 साली वेस्ट इंडीजमध्ये कसोटी मालिका जिंकली, वाडेकरांच्या 1971च्या संघानंतर पहिल्यांदाच. हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय. पण एकदा मेल फुटला की ड्रेसिंग रूममधला प्रत्येक जण स्वतःला विचारायला लागतो, माझ्याबद्दल काय लिहून गेलं असेल? असा खेळाडू कोचला आपली अडचण सांगत नाही, खांदा दुखत असला तरी लपवतो. मार्च 2007मध्ये वर्ल्ड कपात पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशकडून हरलो, मग श्रीलंकेकडून, आणि पहिल्याच फेरीत घरी आलो. सचिन सहसा बोलत नसे. कोचने आमच्या वृत्तीवर शंका घेतली याचं दुःख सर्वांत मोठं, असं त्यालाही तेव्हा जाहीरपणे म्हणावं लागलं. एप्रिलमध्ये चॅपेल गेले. गांगुली त्याआधीच, डिसेंबर 2006मध्ये, संघात परतला होता आणि जोहान्सबर्गला नाबाद 51 करून आपल्या विजयात उभा होता.

हे मी लांबून बोलत नाही. तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक डावरा ओपनर होता. मॅच चालू असताना तंबूत चहा पिता पिता मी एका सिलेक्टरला म्हणालो, "पोरगा मनाने कच्चा आहे." दोन दिवसांनी ते त्याला दुसऱ्या मुलांकडून कळलं. तो माझ्याकडे आला नाही, भांडला नाही. किट घरी नेलं आणि पुन्हा नेट्सवर आला नाही. कच्चा म्हणजे मला एवढंच म्हणायचं होतं की चाळीस धावा ओलांडल्या की तो घाई करतो. हे मी त्याला पाच मिनिटांत सांगू शकलो असतो, आणि कदाचित दोन सामन्यांत सुधारलंही असतं. आजही डावरा ओपनर गार्ड घेताना दिसला की मला तो आठवतो.

म्हणून रिपोर्टमधलं "अॅटिट्यूड चांगला नाही" हे वाक्य आधी खोड. अॅटिट्यूड तुला दिसलेला नाही. तुला दिसलं ते एवढंच, की तो तीन मंगळवार उशिरा आला. तेवढंच लिही. का उशीर झाला, ते त्याला विचार, सगळ्यांसमोर नको. प्रॅक्टिस संपल्यावर, रोलरवर बसून. कंपूबद्दलही त्यालाच विचार. कॅप्टनला चार मित्र असणं हा गुन्हा नाही.

पायाचं आणि शॉर्ट बॉलचं मात्र उद्याच सुरू कर. ओला टेनिस बॉल घे, अठरा यार्डांवरून थ्रो-डाऊन दे, रोज पन्नास.

रविवारी सकाळी मी मैदानावर येतोय. तोवर ती पानं तुझ्याच बॅगेत राहू देत. त्याच्याशी बोलणं झालं की मला फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझा,
सर