वाचकांचे प्रश्न : एकाच आकड्यांचे दोन विश्वास अंतराल

प्रश्न : माझ्या १२ मोजमापांची सरासरी ४८.५ आणि प्रमाण विचलन (मोजमापं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप) ६ आहे. सरासरीचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी असा अंदाज) एक्सेलमध्ये ४५.१ ते ५१.९ आला, ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये मात्र ४४.७ ते ५२.३. बरोबर कोणता?

उत्तर : ‘आर’चा. तुम्ही एक्सेलमध्ये ‘कॉन्फिडन्स.नॉर्म’ हे फंक्शन वापरलेलं दिसतं. ते १.९६ हा गुणक घेतं, म्हणजे समष्टीचं (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाचं) प्रमाण विचलन आधीपासून ठाऊक आहे असं गृहीत धरतं. तुमचं ६ हे नमुन्यातून काढलेलं आहे, त्यामुळे टी-वितरण लागतं; ते ही जादा अनिश्चितता धरून मोठा गुणक देतं. १२ मोजमापांना ११ डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे संख्येतून एक वजा), त्यासाठी गुणक २.२०१. प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता : ६ भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे १.७३२. गुणाकार ३.८१, आणि तो सरासरीतून वजा केला, तिच्यात मिळवला की ‘आर’चं उत्तर येतं. (गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये सोडवला तो हाच लहान नमुन्यांचा प्रश्न.)

एक्सेलमध्ये ‘कॉन्फिडन्स.टी’ वापरा आणि कंसात क्रमाने ०.०५, प्रमाण विचलन आणि संख्या द्या. इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘आर’च्या ‘टी.टेस्ट’ला ०.९५ ही पातळी लागते, एक्सेलला उरलेले ०.०५. एक्सेलमध्ये ०.९५ लिहिलंत तर ३.८१ ऐवजी जेमतेम ०.११ येईल, आणि एररही दिसणार नाही. शिवाय एक्सेल फक्त अर्धी रुंदी देतं. दोन्ही टोकं तुम्हालाच काढावी लागतात.

प्रमाण विचलन ‘एसटीडीईव्ही.एस’ने काढा. आकडे म्हणजेच पूर्ण समष्टी असं धरणाऱ्या ‘एसटीडीईव्ही.पी’ने काढलंत तर ६ च्या जागी ५.७४ येईल आणि अंतराल विनाकारण अरुंद होईल. संख्या ‘काउंट’ने मोजा, ओळी मोजल्या तर रिकाम्या पेशीही त्यात धरल्या जातात.

प्रश्न : मग ९५ टक्के मोजमापं ४४.७ ते ५२.३ मध्ये पडतात असं अहवालात लिहू का?

उत्तर : नको. हा अंतराल सरासरीचा आहे, एकेका मोजमापाचा नाही. पुढचं एक मोजमाप कुठे पडेल ते सांगायचं असेल तर २.२०१ × ६ × √(१ + १/१२) = १३.७ एवढी रुंदी दोन्ही बाजूंना घ्या : साधारण ३४.८ ते ६२.२. आकडे प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाच्या जवळपास असतील तरच यावर विसंबा. आधी आलेख काढून पाहा. १२ मधलं एक मोजमाप फार दूर पडलं असेल तर दोन्ही अंतराल डळमळीत.