आग पोरात नाही, तुमच्यात आहे दादा

बार्शीच्या एका वडलांचं पत्र आलंय. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जिथं इंटर्नशिप केली त्याच छोट्या कंपनीने त्याला वर्षाला साडेचार लाखांवर घेतलंय, काम म्हणजे पतसंस्थांचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं. वडील म्हणतात, दुसऱ्याची चाकरी कशाला, मी प्लॉट विकून 15 लाख देतो, शेतकऱ्याला घरबसल्या खत-बियाणं मागवता येईल असं अ‍ॅप काढ, स्टार्टअप कर. पोरगं नको म्हणतंय. "त्याच्यात आगच नाही, मोटिव्हेशनचा एखादा कोर्स लावू का?" असा प्रश्न आहे.

दादा, नका लावू.

पत्र दोनदा वाचलं मी. अ‍ॅपचं नाव तुम्ही ठरवलंय, लोगो भाच्याकडून करून घेतलाय, दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना सांगूनही झालंय की पोरगं कंपनी काढतंय. आणि पोरगं स्वतः काय म्हणतं त्याचं अख्ख्या पत्रात एक वाक्य, "त्याला नोकरीच बरी वाटते", बस. का बरी वाटते हे विचारलंत का कधी? एरवी माझ्याकडे उलटी पत्रं येतात, पोराला स्टार्टअप करायचाय आणि बाप म्हणतो सरकारी नोकरी बघ, त्यामुळे तुमचं पत्र उघडल्यावर आधी बरं वाटलं की चला, एक तरी बाप मोकळ्या मनाचा निघाला, पण पुढं वाचत गेलो तसं कळलं की भानगड तीच आहे, फक्त गाडीचं तोंड दुसरीकडे केलंय. त्यात तो प्लॉट धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेला, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे 22 वर्षांच्या पोराने अ‍ॅप चाललं नाही तर बहिणीच्या लग्नाचे पैसे बुडवले हे आयुष्यभर डोक्यावर घेऊन फिरायचं. तो घाबरत असेल तर शहाणा आहे.

आता "मेंटेनन्स म्हणजे हमाली, इंजिनिअर कशाला झाला मग" हे जे लिहिलंय त्याबद्दल. मी स्वतः 11 वर्षं कोड लिहिलाय, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला, आणि जे काही येतं ते तिथंच शिकलो. नवीन अ‍ॅप काढणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे हो, आता तर एआयला सांगितलं की दिसायला झकास अ‍ॅप दुपारपर्यंत तयार होतं. अवघड काय, तर ते चालू ठेवणं. कोबोल ही कॉम्प्युटरची 1959 सालची भाषा, अजून जगभरात बँकांचे व्यवहार तिच्यावर चालतात. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीचा एक चुकीचा अपडेट गेला आणि विंडोजचे साधारण 85 लाख कॉम्प्युटर आडवे झाले, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले लोकांना. तुमचा पोरगा जिथं जातोय तिथं पिग्मी एजंटने दिवसभर गोळा केलेले पैसे रात्री खात्यावर बरोबर चढले का, व्याजात पैशाचा फरक कुठून आला, असली कामं असणार. एखाद्या म्हातारीच्या ठेवीचा हिशोब चुकू न देणारा माणूस हमाल कसा?

आणि तुम्ही अँटिव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलच्या कैलास काटकरांचा दाखला दिलाय, दहावी शिकलेला माणूस पुण्यात एवढी कंपनी उभी करतो, माझं पोरगं तर इंजिनिअर. दाखला चांगलाय, पण तुमच्या विरुद्ध जातोय. काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस दिसायला लागले तेव्हा कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घेतलेल्या धाकट्या भावाने, संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. म्हणजे आधी दुरुस्ती, मग गिऱ्हाईकाचं दुखणं, मग प्रॉडक्ट. त्यांच्या वडलांनी प्लॉट विकून दिला होता असं काही माझ्या वाचनात नाही.

पुढं शिकायचं असेल तर एमटेकसाठीची गेट परीक्षा आहे, दुसरी कंपनी हवी असेल तर वर्ष-दोन वर्षांच्या अनुभवावर मिळेल, त्याची काळजी सोडा.

राहिलं तुमचं अ‍ॅप. माझं स्पष्ट मत, हा स्टार्टअप तुम्ही करा. खरंच सांगतोय, चेष्टा नाही. कुठल्या गावाला कुठलं बियाणं लागतं हे तुम्हाला माहीत, लायसन तुमच्याकडे, आणि मुख्य म्हणजे कुणाला माल निघेपर्यंत उधारी द्यायची आणि कुणाला रोखीनेच द्यायचं हे तुमच्या डोक्यात आहे, ते पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्याला सात जन्मात कळणार नाही. अनुदानाचा युरिया द्यायचा तर ई-पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो, मग तो "घरबसल्या" कसा मागवणार? ही अडचण तुम्हाला रोज दिसते तरी पत्रात एका शब्दाने नाही, कारण पत्र लिहिताना तुम्ही दुकानदार नव्हता, टीव्हीवर शार्क टँक बघणारे झाला होता.

अ‍ॅप-बिप काही नको आत्ता. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यावर बियाणं आणि औषधांची यादी टाका, जवळची 3 गावं धरा, दुकानातल्या पोराला मोटारसायकल द्या आणि एक हंगाम ऑर्डरी वहीत लिहा. पेट्रोल वजा जाता काय उरलं, उधारी किती अडकली, ते वहीच सांगेल. मी एका स्टार्टअपमध्ये दीड वर्ष काढलंय, तिथं अ‍ॅप 4 महिन्यांत तयार झालं होतं, गिऱ्हाईक मात्र शेवटपर्यंत आलं नाही, कारण वही कुणी लिहिलीच नव्हती.

वही भरली तर दिवाळीला पोरगा घरी येईल तेव्हा त्याच्यापुढे ठेवा. त्याला वाटलं तर सुट्टीत बसून काहीतरी बनवून देईल, नाही वाटलं तर नाही. तोवर त्याला जॉइन होऊ द्या. आणि प्लॉट बघायला रविवारी जे गिऱ्हाईक येणार आहे म्हणताय, त्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा.