वाघ्याचं ब्रीड लपवू नका, स्वस्त कोट आधी नीट वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडहून टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला जाताय, घराचं क्लोजिंग (खरेदीचा अंतिम व्यवहार) पुढच्या महिन्यात आहे आणि सोबत चार वर्षांचा जर्मन शेफर्ड वाघ्या. एका कंपनीने ब्रीड, म्हणजे कुत्र्याची जात, बघून होमओनर्स इन्शुरन्स (घराचा विमा) द्यायला नकार दिला. दुसरीने काही खळखळ न करता कोट (विम्याच्या हप्त्याचा अंदाज) दिलं, तेही स्वस्त. आणि इथे ग्रुपवरचे दोघं-तिघं सांगताहेत की फॉर्मवर 'लॅब मिक्स' (लॅब्रॅडॉरची मिश्र जात) लिहून मोकळे व्हा.

मी बरीच वर्षं इन्शुरन्स एजन्सीत काम करतेय. मला नकार देणाऱ्या कंपनीची काळजी वाटत नाही, त्या स्वस्त कोटची वाटते.

ब्रीडमुळे प्रीमियम भरमसाट वाढतो असा सगळ्यांचा समज आहे. काही कंपन्या थोडे जास्त पैसे लावतात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा कंपनी एक तर सरळ नाही म्हणते, नाही तर घराचा विमा देते आणि कुत्रा त्यातून वगळते, किंवा कुत्र्यापुरती मर्यादा घालते, समजा २५,००० डॉलर. प्रीमियम स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा त्या वगळण्यातच असतं. आणि ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. डिक्लेरेशन्स पेजवर (पॉलिसीचा गोषवारा असलेलं पान) खाली किंवा पुढच्या पानावर फॉर्म आणि एंडोर्समेंटच्या (मूळ पॉलिसीत बदल करणाऱ्या जोडपत्रांच्या) नंबरांची यादी असते, जी कुणीच वाचत नाही. त्यात 'अ‍ॅनिमल लायबिलिटी एक्स्क्लूजन' (प्राण्यामुळे होणाऱ्या इजेची जबाबदारी वगळणारी अट) किंवा तत्सम नावाची ओळ आहे का ते बघा. असेल तर तो फॉर्म पूर्ण मागवून घ्या. कर्ज देणारी बँक हे तपासणार नाही. तिला घराच्या बांधकामाची रक्कम आणि पॉलिसीवर स्वतःचं नाव दिसलं की झालं. क्लोजिंग सुरळीत पार पडेल आणि कुत्र्याला कव्हर नाही हे कळेल ते थेट क्लेमच्या दिवशी.

वगळलं तर जातं काय? नेहमीच्या पॉलिसीत पर्सनल लायबिलिटी (तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई) साधारण १ ते ३ लाख डॉलरची असते आणि वकिलाचा खर्चही कंपनी उचलते. शिवाय पाहुण्याला लागलं तर चूक कुणाची हे न बघता किरकोळ औषधोपचाराला १ ते ५ हजार मिळतात. कुत्र्यापुरतं हे सगळं नाहीसं होतं. इन्शुरन्स इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांमुळे झालेल्या इजांचे २२,६५८ क्लेम झाले आणि सरासरी क्लेम ६९,२७२ डॉलरचा होता. त्यापुढे २५,००० ची मर्यादा किती पुरणार ते तुम्हीच बघा. आणि हे नुसतं चावणं नव्हे. आमच्या ओळखीत एका प्रेमळ हस्कीने शेजारच्या आजींच्या अंगावर लाडाने उडी मारली, त्या पडल्या आणि मनगट मोडलं. दात कुठे लागलाच नाही, तरी क्लेम झालाच.

आता 'लॅब मिक्स'. कृपा करून हे करू नका. क्लेम आला की कंपनीचा तपासनीस, म्हणजे अ‍ॅडजस्टर व्हेटचे कागद, लायसन्स, दत्तक घेतानाची पावती मागतो, आणि तुमच्या इन्स्टाग्रामवर वाघ्या कान उभे करून बसलेलाच आहे. खोटी माहिती दिली म्हटलं की पॉलिसीच रद्द करायला कंपनीला निमित्त मिळतं. मग गारपिटीत छप्पर गेलं तरी तुम्हाला भांडायला जागा राहत नाही, आणि नॉर्थ टेक्सासमध्ये गारपीट ही काही कधीतरी होणारी गोष्ट नाही.

न्यूयॉर्कमध्ये ही वेळ आली नाही, कारण तिथे जानेवारी २०२२ पासून केवळ ब्रीडवरून विमा नाकारणं, रद्द करणं किंवा महाग करणं कायद्याने बंद आहे. नेवाडातही त्याच महिन्यापासून तसा कायदा आहे, कोलोरॅडोत २०२४ पासून. टेक्सासमध्ये तसं संरक्षण नाही. 'टेक्सासमध्ये ब्रीडवर बंदी घालता येत नाही' असं कुणी सांगेल. ते खरं आहे, पण तो नियम शहरांसाठी आणि काउंटींसाठी आहे, विमा कंपन्यांसाठी नाही. एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) पण तो लागू नाही, तेव्हा सोसायटीचे नियम क्लोजिंगआधीच वाचा.

कंपन्या नको असलेल्या ब्रीडच्या याद्या ठेवतात, त्या मला स्वतःला आळशीपणाच्या वाटतात. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला साधारण ९ टक्केच फरक ब्रीडवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. पण अंडररायटरशी (विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्याशी) वाद घालून कोट मिळत नाही. त्यापेक्षा दुसरं दार ठोठवा. शेफर्ड एका कंपनीच्या यादीत असतो, दुसरीच्या नसतो. पिट बुल आणि रॉटवायलर मात्र यादी असेल तिथे बहुधा असतातच. स्टेट फार्म ब्रीड विचारत नाही, हे ते स्वतःच जाहीरपणे सांगतात. कुत्रा पूर्वी कुणाला चावलाय का, हे मात्र सगळेच विचारतात. चावल्याचा क्लेम एकदा नोंदला गेला की तो सात वर्षांपर्यंत क्लू रिपोर्टमध्ये (जुन्या क्लेमच्या नोंदींचा अहवाल) राहतो आणि मग लॅब्रॅडॉर असला तरी दारं बंद होतात. तुमचा रिपोर्ट लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडून फुकट मागवता येतो. वाघ्याची पाटी कोरी आहे ना, मग तुमचं काम बरंच सोपं आहे.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. लायबिलिटी असते ती बाहेरच्या माणसासाठी, त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकासाठी नाही. सहा महिने मुक्काम असलेले आई-बाबा पाहुणे की घरचे, यावर कंपनी वाद घालू शकते. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स घ्याच, तो कुत्र्यावर अवलंबून नसतो.

चांगल्या कंपनीने घराचा विमा दिला पण कुत्रा वगळला, तर फक्त कुत्र्यासाठीची वेगळी लायबिलिटी पॉलिसी मिळते. नुसती अम्ब्रेला (मूळ पॉलिसीच्या वरची जादा लायबिलिटी पॉलिसी) घेऊन भागेल असं समजू नका. खालच्या पॉलिसीत कुत्रा वगळलेला असला की बहुतेक अम्ब्रेलाही त्याला वगळतात.

उद्या एजंटला फोन नका करू, ईमेल करा: "आमच्याकडे जर्मन शेफर्ड आहे, आजवर कुणाला चावलेला नाही. या पॉलिसीत कुत्र्यामुळे होणाऱ्या इजेला पूर्ण लायबिलिटी लागू आहे का, की काही एक्स्क्लूजन किंवा मर्यादा आहे?" उत्तर लेखी आलं की इथे टाका, नावगाव काढून. फॉर्मचा नंबर असला तर मी वाचून सांगते.