उठताना तोल का जातो?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. रक्तदाब, मधुमेह, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे लघवीला उठताना दोनदा पडले. दवाखान्यात मात्र रक्तदाब नॉर्मल येतो.

उत्तर : दवाखान्यात तो बहुधा बसवून मोजतात, घोटाळा उभं राहताना होतो: तेव्हा रक्तदाब उतरतो आणि तोल जातो. ५ मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. (शेजारी धरायला कोणीतरी हवंच.) वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर संशय पक्का. टॅम्सुलोसिनसारखी प्रोस्टेटची गोळी रक्तवाहिन्या सैल करू शकते. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतूच मंदावतात. आकडे डॉक्टरांना दाखवा, गोळ्या परस्पर बंद करू नका. तोवर उठण्याआधी पावलं वर-खाली हलवून मिनिटभर पलंगाच्या काठावर बसू द्या. रात्री लघवीचं भांडं हाताशी ठेवा.