रोटाव्हेटर विकून बैल घेऊ का?

प्रश्न : माढा तालुक्यात माझा चार एकर ऊस आहे, पाणी विहिरीचं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबक सगळं केलं. सौर पंपासाठी अर्जही भरलाय. सोलापूरला कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, "अण्णा, तुमच्या यंत्रांनीच कार्बन वाढतोय." पुन्हा बैल घ्यावेत का?

उत्तर : मुलीचं म्हणणं अर्धं खरं आहे. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण धूर दिसतो म्हणून ट्रॅक्टर बदनाम. युरिया मात्र गुपचूप सुटतो.

४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र (नायट्रोजन) असतं. त्यातलं एक टक्का नायट्रस ऑक्साइड वायू होऊन उडतं, असं हिशेबाला साधारणपणे धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. युरियातला स्वतःचा कार्बन सुटतो तो आणखी वेगळा. दोन्ही मिळून गोणीमागे १२० किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास, म्हणजे ४५ लिटर डिझेल जाळल्याइतकं! गोणी तयार करताना कारखान्यात जळालेला गॅस यात धरलेलाच नाही. एकरी किती गोण्या पडतात ते मला नका सांगू, मुलीला सांगा.

म्हणून ठिबक नुसतं पाण्यासाठी वापरू नका. विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) खत थोडं थोडं त्यातूनच सोडा. ठिबक अंथरून वर मुठीनं युरिया फेकणारे मी मोहोळपासून करमाळ्यापर्यंत पाहिलेत. मग नळ्यांचा खर्च कशाला केला?

पाचटाबद्दल, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याबद्दल, तुम्ही एक शब्द लिहिला नाही, ते मला खटकलं. ऊसतोड टोळी गेली की काडी लावता का? पेटवलेल्या पाचटातून मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळी सुटते, नि त्यातलं नत्रही जातं. ट्रॅक्टरवर पाचट कुट्टी यंत्र चालवा, बुडखे छाटा, पाचट सरीत दाबा. डिझेल जळेल, जळू द्या. खोडव्याचं (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाचं) पाणी नि खत वाचेल.

बैल हौसेनं घ्या, कार्बनसाठी नको. रवंथ करताना तेही मिथेन सोडतात, आणि काम नसतानाही.

सौर पंप जरूर बसवा. पाच अश्वशक्तीचा विजेचा पंप आठ तासांत तीसेक युनिट खातो, आणि आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची. फक्त ऊन फुकट आहे म्हणून दिवसभर पाणी सोडू नका; तुडुंब ओल्या रानातूनच नत्र जास्त उडतं.